बोकालांचं भाषण

न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत, आमच्यापासून चौथ्या घरात, नागपूरच्या एक काकू मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर असताना, डिसेंबरात, त्या झोपेतच गेल्या. फ्युनरल होमने दुपारचा एक तास दिला होता. आम्ही चाळीसेक माणसं खुर्च्यांवर गुमान बसलो होतो आणि गुरुजी एडिसनहून निघून हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. काकूंचा मुलगा दर दोन मिनिटांनी फोन बघत होता. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं, आणि ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. अंगात पांढरा, झिरझिरीत, छातीवर भरतकाम केलेला लांब शर्ट, आतली गंजी दिसत होती. बाहेर बर्फ पडत होतं आणि हे असे. काकूंच्या मुलाने मागे वळून मला विचारलं, “ताई, हे कोण आहेत? यू नो हिम?” मी नकारार्थी मान हलवली. शेजारच्या घरातली फिलिपिनो नर्स मला येताजाता हात करण्यापुरती माहीत होती. हे तिचे वडील असावेत, एवढाच अंदाज.

त्यांनी शवपेटीला वाकून नमस्कार केला, आमच्याकडे तोंड केलं आणि माईकशिवाय, संथ इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज. म्हणाले, या बाईंची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. पण आम्ही रोज तळ्याला चक्कर मारायचो. त्या तळ्यावरची बदकं मोजायच्या. एखादं कमी भरलं की मला बोट दाखवायच्या, आणि ते दिसेपर्यंत आम्ही दोघं थंडीत उभे राहायचो. मग काकूंच्या सुनेकडे बघून म्हणाले, आणि यांची सून सकाळी कामाला निघायची, तेव्हा गाडीची काच स्वच्छ असायची. काचेवरचं बर्फ कोण खरवडून ठेवतं ते तिला कधी कुणी सांगितलं नाही. तिने एकदा खिडकीतून सासूला बघितलं आणि बघितल्याचं तिनेही सांगितलं नाही.

सून तोवर अगदी कोरडी होती. कॅटरर, कागदपत्रं, भारतातले फोन, सगळं तीच बघत होती. ती एकदम ओंजळीत तोंड घालून रडायला लागली, आणि मग आम्ही सगळेच. गुरुजी आले तेव्हा खोलीतलं प्रत्येक माणूस नाक पुसत होतं. निघताना हे गृहस्थ दारात उभे राहिले आणि जाणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “आल्याबद्दल आभारी आहे.” मयत आमचं, आभार यांचे! घरी येईपर्यंत मी गाडीत धुसफुसत होते. नवरा म्हणाला, “अगं, इतकं चांगलं बोलले ते.” तेच तर. भाषण भिकार झालं असतं तर मला इतका राग आला नसता.

माझ्या रागाचं कारण सांगायला हवं. माझे वडील पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आले होते. आमच्या भागात पुढाऱ्याचा दिवस दशक्रियेने सुरू होतो. सकाळी नदीकाठच्या घाटावर मंडप, गाद्या, माईक. मुलगा मुंडण करून पिंडाशी बसलेला, आणि इकडे तालुक्यातले झाडून सगळे पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतायत. कावळा शिवायचा तेव्हा शिवेल, भाषणं थांबत नाहीत. वडील एका सकाळी तीन-तीन दशक्रिया करायचे. स्टार्चच्या कपड्यांचे दोन जोड गाडीत असायचे. आम्हा भावंडांच्या शाळेत ते एकदाही आले नाहीत. एकदा आले होते, पण ते प्रमुख पाहुणे म्हणून.

आई गेली तेव्हा मी इथून सात दिवसांची रजा काढून गेले. दहाव्याला घाटावर ही गर्दी! मी बायकांत मागे बसले होते. माईकवरच्या माणसाने आमदारांचं नाव घेतलं, सभापतींचं घेतलं, कारखान्याच्या संचालकांचं घेतलं, आणि मग त्याच आवाजात म्हणाला, “अमेरिकेहून आवर्जून उपस्थित राहिलेल्या त्यांच्या कन्या.” लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. वडील पुढे बसले होते. वक्त्यांच्या यादीवर कुणाचं नाव राहिलं तर नाही ना, हे ते बोट फिरवून बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. दोन तास लोक माझ्या आईबद्दल बोलले आणि त्यात माझी आई कुठेच नव्हती. साहेबांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या, माउली, अन्नपूर्णा. मी त्यानंतर वडिलांशी धड बोलले नाही. तेही चार वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांच्या दशक्रियेचं रेकॉर्डिंग भावाने पाठवलं, ते मी भाषणं पुढे सरकवत सरकवत पाहिलं.

असो. जानेवारीत पत्रपेट्यांपाशी ते गृहस्थ भेटले. मी हाय-हॅलो न करता सरळ विचारलं, “तुम्ही पॉलिटिशियन होतात का?”

त्यांचा चेहरा उजळला. “कसं ओळखलंत, मॅडम?”

“न सांगता पहिल्या रांगेत बसलात त्यावरून.”

ते इतके मोठ्याने हसले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. म्हणाले, मला तिकडे सगळे बोकाल म्हणतात. बोकाल म्हणजे प्रांताच्या मंडळाचा सदस्य. मनात म्हटलं, म्हणजे झेडपी मेंबर. सात समुद्र ओलांडून आले तरी माझ्या शेजारी झेडपी मेंबरच यायचा होता.

मी घरून काम करते. लंच अवरला तळ्याला दोन चकरा मारायची माझी सवय, आणि बोकालांची चालायची जोडीदारीण नुकतीच गेलेली. त्यांनी मला धरलंच म्हणायला हवं. आधी मी वेळ बदलून बघितली, पण मतदाराने वेळ बदलली म्हणून त्याला सोडून देणारा हा माणूस नव्हता. फेब्रुवारी लागेपर्यंत मी त्यांच्याबरोबर मुकाट्याने चालायला लागले, आणि खरं सांगायचं तर साडेबाराची वाट बघायला लागले.

त्यांची सगळी कारकीर्द मी त्या तळ्याभोवती ऐकली. आधी वस्तीचे प्रमुख, मग गावाच्या कौन्सिलवर, मग लागोपाठ तीन वेळा प्रांताच्या मंडळावर. तीनच्या पुढे तिकडचा कायदा सलग उभं राहू देत नाही. मंडळावर काय केलं म्हणाल तर एक पूल, दोन आरोग्य केंद्रं आणि भरपूर ठराव. मात्र लोक त्यांना निवडून द्यायचे ते पुलासाठी नव्हे. लोक निवडून द्यायचे कारण बोकाल येतात. लग्नाला येतात, बाळाच्या बाप्तिस्म्याला येतात आणि मयताला तर येतातच. शेकडो पोरांचे ते धर्मपिता होते, त्यातल्या निम्म्यांची नावं त्यांना आजही पाठ होती. तिकडे माणूस गेला की पेटी घरातच ठेवतात, पाच दिवस, सात दिवस, परदेशातली पोरं येईपर्यंत. कॉफी, बिस्किटं, पत्त्यांचे डाव, माणसांची ये-जा. मांडव आणि प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या बोकाल पाठवायचे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्यांचं नाव.

“खुर्चीवर नाव?” मी म्हटलं. “रडायला आलेल्या माणसाने तुमच्या नावाला टेकून बसायचं?”

“हो,” ते म्हणाले. “पण मॅडम, खुर्च्या कमी पडल्या नाहीत कधी.”

मी तोंडाला येईल ते बोलायचे आणि ते ऐकून घ्यायचे. मी वडिलांना जे कधी बोलले नाही ते सगळं या परक्या माणसाला बोलून घेत होते, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना मध्ये न तोडता ऐकली. ते म्हणाले, मयताच्या घरी गेलं की मी आधी पेटीपाशी जायचो नाही. मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचो. तिथे बायका भात शिजवत असतात. त्यांच्यात गेलेल्याची बायको असते, मुलगी असते, सून असते. तिला बाजूला घेऊन म्हणायचो, मला त्यांची एक गोष्ट सांग, बाहेरच्यांना माहीत नसलेली. एवढंच. मग पुढे जाऊन मी जे बोलायचो ते त्या बाईचं असायचं.

काकूंच्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं. सून आतल्या खोलीत फुलांच्या परड्या लावत होती, तिथे जाऊन तिला विचारलं होतं. “स्वयंपाकघर नव्हतं,” ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले.

मार्च उजाडला तसे ते गप्प गप्प राहायला लागले. मग एके दिवशी तळ्याकाठच्या बाकावर बसून त्यांनी मनातलं सांगितलं. एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीला जाऊन दहा वर्षं पूर्ण होणार होती. मुलगी घरी प्रार्थना ठेवणार होती, नातेवाईक येणार होते. त्यांना तिथे पत्नीबद्दल चार शब्द बोलायचे होते. “हजार लोकांसाठी बोललो असेन मी. तिच्यासाठी नाही बोललो.”

“का नाही?”

“निवडणूक चालू होती,” ते म्हणाले. तीन वेळा झाल्यावर ते प्रांताच्या उपगव्हर्नरपदासाठी उभे राहिले होते. प्रचार ऐन भरात असताना पत्नी गेली. मयताला सात दिवस माणसांची रीघ लागली होती. ते शेवटच्या दिवशी बोलले, पण ते आलेल्यांचे आभार मानायला. महिन्याभराने निवडणूक हरले. त्याच सात दिवसांत ज्यांनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, त्या गावांनी एका मोठ्या घराण्यातल्या तरुणाला निवडून दिलं. पण हरल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, निदान आता नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. पत्नीसाठी एकदा बोलायचं, आणि मुलीने ते बसून ऐकायचं.

“मग बोला की.”

“मुलगी म्हणते, एक शब्द बोललात तर मी घराबाहेर जाईन.”

ते तरीही भाषण तयार करत होते. रोज मला इंग्रजीत म्हणून दाखवायचे, कारण परीक्षक मीच. पहिला मसुदा तळ्याची अख्खी चक्कर चालला. माझ्या सार्वजनिक जीवनातली सहचारिणी, प्रांताची माता, गोरगरिबांचा आधार. मी मध्येच थांबले.

“हे कुठल्याही पुढाऱ्याच्या बायकोला चालेल,” मी म्हटलं. “यात ती कुठे आहे?” माझा आवाज चढला होता. घाटावर मी जे ओरडून विचारायला हवं होतं ते मी न्यू जर्सीतल्या एका बिचाऱ्या म्हाताऱ्याला विचारत होते.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रांताची माता काढून टाकली. तिसऱ्या दिवशी गोरगरीब गेले. दोन आठवड्यांत भाषण अर्ध्या चकरेवर आलं, मग पत्रपेट्यांपर्यंत. शेवटी एका दुपारी ते बाकापाशी उभे राहिले, तोंड उघडलं आणि म्हणाले, “माझी पत्नी.” पुढे काही नाही.

“सदतीस वर्षं संसार केला,” ते म्हणाले, “आणि मला तिची एक गोष्ट सांगता येत नाही. मी घरी नव्हतोच. मॅडम, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारायचो. माझ्या बायकोचं मी कोणाला विचारू?”

“मुलीला विचारा.”

“ती सांगणार नाही.”

का सांगणार नाही, ते मला मुलीकडूनच कळलं. ती हॉस्पिटलची ड्यूटी संपवून दुपारी घरी परतत होती, मी कचऱ्याचा डबा आत ओढत होते. तिने गाडी थांबवून काच खाली केली. म्हणाली, “माझे वडील तुमच्याबरोबर वॉकला येतात ना? ही इज प्रॅक्टिसिंग, राइट? त्यांना प्लीज सांगा, नको.” मी काहीतरी गुळमुळीत बोलले असेन. ती इंजिन बंद करून तशीच बसली. मग स्टिअरिंगकडे बघत तिने सांगितलं.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती इथे नवीन होती. मिळेल त्या विमानाने, दोन ठिकाणी बदलून, ती गावी पोचली. गेटपासून रस्त्यापर्यंत माणसांची रांग. गेटवर वडील उभे, पांढऱ्या शर्टात, येणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत. ती बॅग ओढत रांगेतूनच पुढे सरकली, कारण दुसरी वाटच नव्हती. तिची पाळी आली. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, “आल्याबद्दल आभारी आहे” म्हणाले आणि मागच्या माणसाकडे वळले.

“ही शुक माय हँड,” ती म्हणाली. “माझी आई आत पेटीत होती.”

मी तिला सांगितलं की माझंही नाव माईकवरून पुकारलं होतं, अमेरिकेहून आवर्जून उपस्थित. तिला ते समजावून सांगायला जरा वेळ लागला. समजल्यावर ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. आम्हा दोघींना त्या दिवसापासून एकमेकींचे फोन नंबर पाठ झाले.

एप्रिलमधल्या त्या रविवारी मी श्रीखंडाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. नवरा टॅक्सचे फॉर्म भरत बसला होता, त्यामुळे एकटीच. पंचवीसेक माणसं असतील, बरीचशी मुलीच्या हॉस्पिटलमधली. जिन्याखालच्या टेबलावर बाईंचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. पोरंबाळं आत आली की आधी बोकालांचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावत होती. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात तसंच. बोकाल तोच झिरझिरीत शर्ट घालून फोटोशेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

प्रार्थना अर्धा तास चालली. संपली, आणि खोलीत ती शांतता पसरली जी मला पाठ आहे. आता कुणीतरी बोलणार, असं सगळ्यांना वाटतं ती. बोकाल खुर्चीवरून उठले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती. तिने झारा ओट्यावर ठेवला आणि हुकावरची गाडीची किल्ली काढली. मला वाटलं, गेलं सगळं. हा माणूस सवयीपुढे हरला.

बोकाल लोकांकडे वळले नाहीत. फोटोकडे पाठ करून, खुर्च्यांमधून वाट काढत, ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मी दाराशीच होते, श्रीखंडाला चमचा शोधत. त्यांनी मुलीसमोर उभं राहून, कुणाच्याही घरी गेल्यावर राहत असतील तसं अदबीने, इंग्रजीतच विचारलं. त्यांच्या भाषेत नाही. बहुधा सराव इंग्रजीत झाला होता म्हणून.

“तुम्ही त्यांच्या कन्या ना? मला त्यांची एक गोष्ट सांगा. बाहेरच्यांना माहीत नसलेली.”

मग म्हणाली, “पापा, आर यू कॅम्पेनिंग?”

“नाही.”

“तुम्ही माझ्याशी शेकहँड केलात.”

“हो,” ते म्हणाले. “तुझ्यानंतर चार जणांचे हात हातात घेतले. पाचव्याचा घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती तू होतीस. मी रांग सोडून आत यायला हवं होतं. नाही आलो. पाचव्याला आभार म्हटलं आणि सहाव्याचा हात घेतला.”

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण दोघंही दाराच्या वाटेत उभी होती. मी हातातला चमचा घट्ट धरून भिंतीला चिकटले.

मुलीने किल्ली ओट्यावर ठेवली. ती बोलली तेव्हा त्यांच्याकडे न बघता, भाताच्या भांड्याकडे बघत बोलली. मम्मा रोज रात्रीचं ताट तुमच्यासाठी वाढून झाकून ठेवायची. तुम्ही यायचा नाहीत. सकाळी आम्ही उठायच्या आत ती ते ताट स्वतः खायची, थंड, उभ्याउभ्या, सिंकपाशी. मी एकदा विचारलं, गरम का करत नाहीस. तर म्हणाली, गरम केलं तर वास सुटेल, कामवाली बाई विचारेल, मग गावाला कळेल की बोकाल घरी जेवत नाहीत. मतं जातील.

बोकाल बराच वेळ मान हलवत राहिले. “थँक यू,” असं ते मुलीला म्हणाले आणि बाहेर गेले. तिने त्यांना अडवलं नाही. ती माझ्याशेजारी येऊन दारात उभी राहिली, आणि मी बघितलं, तिला ऐकायचं होतं.

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग लोकांकडे. माझ्या कानांना त्या मोठ्या आवाजाची सवय झाली होती, तो आलाच नाही. म्हणाले, “माझी पत्नी सकाळी थंड भात खायची. माझ्या वाटणीचा. हे मला आत्ता कळलं.” थांबले. “जेवून घ्या. गरम आहे तोवर.”

इतकंच. खाली बसले. कुणाला टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत. मी वळून बघितलं तर मुलगी गालावरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने भराभर ताटं वाढत होती. मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला. माझ्याकडे स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. आलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्याकडे आईच्या कितीतरी गोष्टी होत्या, अजून आहेत. आणि वडिलांना त्या हव्या होत्या की नव्हत्या, हे मीही कधी त्यांच्याजवळ जाऊन बघितलं नाही.

माणसं जेवून निघायला लागली तसे बोकाल दारात जाऊन उभे राहिले. जन्माची सवय. प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत, आल्याबद्दल आभारी आहे. मी मुद्दाम मागे रेंगाळले आणि शेवटची निघाले. माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला. “मॅडम, उद्या साडेबारा,” म्हणाले. मी हो म्हटलं.

माझ्यामागे मुलगी येत होती. त्यांनी बघितलंच नाही कोण आहे. माझा हात सोडला आणि त्याच झटक्यात दोन्ही हात पुढे केले. मग त्यांच्या लक्षात आलं. हात हवेत तसेच राहिले, मागे घेता येईनात.

तिने त्यांच्या हातांकडे बघितलं. तिच्याकडे ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. ते तिने त्यांच्या दोन्ही हातांत ठेवलं.

“पापा,” ती म्हणाली, “तुम्ही अजून जेवला नाहीत.”

वरचं ताट तिने उचललं. भाताची वाफ त्यांच्या चष्म्यावर जमली.